रस्त्यावरच्या सायकलिंगसाठी हेल्मेट कसे निवडावे

रोड बाइक घेणारा माणूस टायरच्या रुंदीपासून मागच्या गिअरच्या दात्यांपर्यंत चार-चार महिने चौकशी करतो आणि हेल्मेट मात्र बिल करताना, काउंटरमागच्या फळीवरून, सायकलच्या रंगाला जुळेल असे उचलतो. पुढे दोन-तीन राइडनंतर कपाळावर लाल वळ उठतात, कानशिले ठणकू लागतात, आणि मग घाट चढताना हेल्मेट हँडलला अडकवण्याची सवय लागते. तेच हेल्मेट उतरणीवर परत डोक्यावर चढतेच असे नाही. हेल्मेटची सुरक्षितता आणि त्याची सोय या दोन वेगळ्या गोष्टी असून एकीसाठी दुसरीत तडजोड करावी लागते, असा एक सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात बोचणारे हेल्मेट मागे सरकवले जाते, सैल केले जाते किंवा घरी खुंटीवर राहते, आणि या तिन्ही अवस्थांत त्याचे संरक्षण कागदावरच उरते. म्हणून पुढील विवेचनात सोय हा सुरक्षिततेचाच भाग मानला आहे.

व्यावसायिक शर्यतींचा इतिहासही याच दिशेने बोट दाखवतो. १९९१ साली पॅरिस–नीस शर्यतीत हेल्मेटसक्तीचा प्रयत्न झाला तेव्हा खेळाडूंनीच निषेध करून तो हाणून पाडला, आणि उकाडा व गैरसोय ही त्यामागची मोठी कारणे होती. त्याच शर्यतीत मार्च २००३ मध्ये कझाकस्तानचा आंद्रेई किविलेव्ह हेल्मेटविना पडून डोक्याच्या दुखापतीने मरण पावला, आणि त्यानंतर ५ मे २००३ पासून आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने हेल्मेट अनिवार्य केले. तेव्हादेखील शेवटच्या मोठ्या चढावर ते काढून टाकण्याची सवलत सुरुवातीला द्यावी लागली होती. पुढे हेल्मेटे हलकी आणि हवेशीर होत गेली, सवलत संपली, आणि आज त्याबद्दल कुणी तक्रार करताना दिसत नाही.

हेल्मेट नेमके काय करते

निवड करण्यापूर्वी हे वस्तुतः कशाचे बनलेले असते आणि कसे काम करते, हे समजून घेणे उपयोगाचे आहे. बाहेरचे चकचकीत कवच म्हणजे पॉलिकार्बोनेटचा पातळ पत्रा असतो. खरे काम त्याच्या आतला थर करतो. हा थर म्हणजे एक्स्पांडेड पॉलिस्टायरीन, अर्थात आपल्या चांगल्या ओळखीचा थर्माकोल, फक्त एकेकाळी गणपतीच्या मखरासाठी कोरला जाणाऱ्या थर्माकोलपेक्षा बराच घट्ट. डोके आदळले की हा थर चुरडतो आणि चुरडताना डोक्याला थांबण्यासाठी थोडे अंतर मिळवून देतो.

हे थोडे अंतर किती मोलाचे असते, याचा ढोबळ हिशेब कुणालाही करता येईल. पडण्याची उंची भागिले थांबण्याचे अंतर केले की सरासरी धक्का गुरुत्वाकर्षणाच्या किती पट आहे ते मिळते. समजा डोके दीड मीटर उंचीवरून डांबरी रस्त्यावर आदळले आणि उघडे असल्यामुळे जेमतेम दोन मिलिमीटरांत थांबले, तर हा आकडा ७५० येतो. तेच डोके थर्माकोल चुरडत पंधरा मिलिमीटरांत थांबले, तर तो १०० वर उतरतो. प्रत्यक्षात धक्क्याचा कमाल क्षण सरासरीपेक्षा वरचढ असतो, पण तुलना समजण्यासाठी एवढे पुरे आहे. थोडक्यात, हेल्मेट म्हणजे डोक्यासाठी बाळगलेले दीड-दोन सेंटिमीटरांचे ब्रेकिंगचे अंतर, आणि ते एकदाच वापरता येते, कारण चुरडलेला थर्माकोल पुन्हा फुगून येत नाही.

येथे एक शंका हमखास विचारली जाते. बोपदेव किंवा कात्रजच्या उतारावर सायकल ताशी पन्नास किलोमीटरने धावत असते, मग दीड मीटरवरून पाडून घेतलेल्या चाचणीचा उपयोग काय? उत्तर असे की सपाट रस्त्यावर पडताना डोके जमिनीवर ज्या वेगाने वरून खाली आदळते, तो वेग मुख्यतः पडण्याच्या उंचीवर ठरतो. पुढे जाण्याचा वेग बराचसा घसरत जाण्यात खर्च होतो. मात्र कठड्यावर, खांबावर किंवा समोरून येणाऱ्या मोटारीवर थेट डोके आदळले, तर हा दिलासा उरत नाही. सायकलच्या कोणत्याही हेल्मेटची रचना त्या प्रसंगासाठी केलेली नसते, आणि उतारावर वेग आवरण्याची जबाबदारी हेल्मेट घातल्याने कमी होत नाही.

आतले लेबल वाचणे

दुकानात हेल्मेट हातात आले की ते प्रथम उलटे करावे आणि आतले लेबल वाचावे. युरोपीय मानक ईएन १०७८ असे लिहिलेले असते. त्यात हेल्मेट सपाट ऐरणीवर ताशी सुमारे १९.५ किलोमीटर वेगाने आदळवतात आणि आतील कृत्रिम डोक्याला बसणारा धक्का २५० जीपेक्षा, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या २५० पटींपेक्षा, अधिक होऊ देत नाहीत. अमेरिकेत १० मार्च १९९९ पासून बनलेल्या प्रत्येक सायकल हेल्मेटला सीपीएससी या सरकारी आयोगाचे मानक लागू आहे. त्यात सपाट ऐरणीसाठी दोन मीटर उंचीवरून पाडतात, पण मर्यादा ३०० जीची आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांचे मानक एएस/एनझेडएस २०६३ हे आहे. या तिन्हींपैकी एकही नाव नसलेले हेल्मेट कितीही देखणे असले तरी परत फळीवर ठेवावे. ईएन १०७८ च्या लेबलावर उत्पादकाचे नाव, मॉडेल, सेंटिमीटरमध्ये माप, वजन आणि उत्पादनाचे वर्ष व तिमाही हे सारे द्यावे लागते. ऑनलाइन मिळणाऱ्या नकली मालात यातले काहीतरी गाळलेले किंवा अस्पष्ट छापलेले असते, त्यामुळे नामांकित मॉडेल निम्म्याहून कमी किमतीत दिसले तर लेबलाचे छायाचित्र मागितल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

दोन जवळपासच्या क्रमांकांनी फसगत होऊ शकते. ईएन १०८० हे लहान मुलांच्या हेल्मेटचे मानक आहे. खेळताना पट्टा कुठे अडकून गळफास बसू नये म्हणून त्याचे बकल ठरावीक ताणाला आपोआप सुटते, आणि म्हणूनच ते रस्त्यावर चालणाऱ्या प्रौढाच्या उपयोगाचे नाही. ईएन ८१२ तर कारखान्यात कमी उंचीच्या पाइपला डोके लागू नये म्हणून घालायच्या टोपीचे मानक आहे, आणि शहरी फॅशनची काही ‘हेल्मेटे’ त्यावर विकली जातात. आपल्याकडील आयएसआय चिन्हाचे आयएस ४१५१ हे मानक मोटारसायकल आणि स्कूटरस्वारांच्या हेल्मेटसाठी आहे. ते हेल्मेट भक्कम असते यात वाद नाही, परंतु एक किलोच्या आसपासचे वजन आणि बंदिस्त रचना घेऊन पायाने सायकल रेटणे पाच किलोमीटरांतच नकोसे होते. मोटार वाहन कायद्याचे हेल्मेटसक्तीचे कलम १२९ सायकलस्वाराला लागू नाही, त्यामुळे सायकलवर हेल्मेट घालणे हा आपल्याकडे आपला स्वतःचाच निर्णय राहतो. अपवाद संघटित राइडचा, कारण ब्रेव्हेसारख्या लांब पल्ल्याच्या उपक्रमांत हेल्मेटशिवाय आरंभरेषेवर उभेही राहू दिले जात नाही.

वर सांगितलेली मानके प्रामुख्याने सरळ धक्का मोजतात, पण खऱ्या अपघातात डोके बहुधा तिरके आदळते आणि त्याला झटक्यात पीळ बसतो. मेंदू कवटीत घट्ट बसवलेला नसल्यामुळे हा पीळ त्याला विशेष घातक ठरतो. या विचारातून स्टॉकहोमच्या केटीएच तंत्रविद्यापीठातील संशोधक आणि मेंदूशल्यचिकित्सक हान्स फॉन होल्स्ट यांनी १९९० च्या दशकात काम सुरू केले आणि त्यातून मिप्स ही रचना पुढे आली. हेल्मेटच्या आत बहुतेकदा पिवळा दिसणारा एक पातळ, घसरता थर असतो, तो आदळण्याच्या क्षणी १० ते १५ मिलिमीटर सरकतो आणि पिळाचा काही भाग स्वतःवर घेतो. इतर उत्पादकांनी याच हेतूने वेगळे मार्ग काढले आहेत. अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठ २०१८ पासून सायकल हेल्मेटांची तिरक्या धक्क्यासह चाचणी घेऊन ताऱ्यांच्या स्वरूपात गुण जाहीर करते आणि ती यादी कुणालाही विनामूल्य पाहता येते. यादीत किमतीही दिलेल्या असतात, आणि मध्यम किमतीची कित्येक हेल्मेटे महागड्या हेल्मेटांच्या वर बसलेली दिसतात. जास्त पैसे मोजले की वजन घटते, हवा अधिक खेळते, पट्टे मऊ मिळतात. संरक्षण त्याच प्रमाणात वाढते असे मात्र नाही. माझा सल्ला असा की पिळापासून संरक्षण देणारी रचना खिशाला परवडत असेल तर जरूर घ्यावी, पण तिच्यासाठी डोक्यावर नीट न बसणारे हेल्मेट पत्करू नये.

माप आणि आकार

डोक्याचे माप शिंप्याच्या टेपने घ्यावे. टेप भुवयांच्या साधारण अडीच सेंटिमीटर वरून, कानांच्या वरून आणि मागे डोक्याच्या सर्वांत फुगीर भागावरून फिरवावी, आणि दोन-तीनदा मोजून सर्वांत मोठा आकडा धरावा. ढोबळमानाने ५१ ते ५५ सेंटिमीटर लहान, ५५ ते ५९ मध्यम आणि ५९ ते ६३ मोठे असे माप चालते, पण प्रत्येक उत्पादकाच्या सीमारेषा वेगळ्या असतात. आपला आकडा दोन मापांच्या सीमेवर पडत असेल तर दोन्ही घालून पाहावीत. मोठे हेल्मेट मागच्या डायलने, म्हणजे आतला घेर कमी-जास्त करणाऱ्या चकतीने, आवळून बसवणे म्हणजे सैल चप्पल दोरीने बांधण्यासारखे आहे.

घेर जुळला म्हणजे काम झाले असे नाही, आणि बहुतेक चुकीच्या खरेद्या इथेच होतात. काहींचे डोके वरून पाहता लांबट असते, काहींचे गोलसर. लांबट साच्यातले हेल्मेट गोलसर डोक्यावर घातले की कपाळापुढे आणि मागे पोकळी राहते, मात्र दोन्ही कानशिलांवर चिमटा बसतो. उलट प्रकारात कपाळ दाबले जाते आणि बाजूला बोट सहज शिरते. ही विसंगती डायल फिरवून किंवा जाड पॅड लावून जात नाही. ज्यांना युरोपीय हेल्मेटे कानशिलांवर टोचतात, त्यांनी जपानी ओजीके काबुटोची हेल्मेटे किंवा काही युरोपीय कंपन्या ‘एशियन फिट’ म्हणून बनवतात ते गोलसर साचे आवर्जून शोधावेत. मिळण्यास त्रास पडतो, पण तो घेण्याजोगा आहे.

दुकानात करायची पहिली चाचणी पट्टा न लावताच करावी. हेल्मेट डोक्यावर आडवे, सपाट ठेवावे, पुढची कड भुवयांच्या दोन बोटे वर येऊ द्यावी, डायल हलका आवळावा आणि मान खाली घालून डोके डावी-उजवीकडे हलवावे. हेल्मेट टाळूसह हलले, म्हणजे कपाळाची त्वचा त्याच्याबरोबर ओढली गेली, तर बैठक योग्य आहे. ते त्वचेवरून घसरले तर माप किंवा आकार चुकला आहे. डायलचा मागचा पाळणा, म्हणजे डोक्याला मागून धरणारा पट्टीचा भाग, बऱ्याच हेल्मेटांत वर-खाली तीन-चार ठिकाणी बसवता येतो. तो डोक्याच्या मागच्या उंचवट्याच्या खाली, मान सुरू होण्यापूर्वीच्या खळग्यात आला पाहिजे. ही सोय असते हे अनेकांना वर्षानुवर्षे ठाऊक नसते आणि दुकानदारही सांगत नाही.

मग पट्टे. दोन्ही बाजूंचे पट्टे कानाच्या पाळीखाली इंग्रजी व्हीसारखे एकत्र यावेत, आणि हनुवटीखालचा पट्टा लावल्यावर त्यात एक बोट जेमतेम मावावे. आता मोठी जांभई द्यावी: हेल्मेट टाळूवर किंचित खाली ओढले गेले पाहिजे. यानंतर मागची कड तळहाताने वर रेटून हेल्मेट पुढे डोळ्यांवर लोळवता येते का, आणि पुढची कड वर ढकलून ते मागे पाडता येते का, हे जोर लावून पाहावे. लोळत असेल तर पट्टे पुन्हा जुळवावेत. तरीही लोळत असेल तर दुसरे हेल्मेट मागवावे. रस्त्यावर दिसणाऱ्या कितीतरी सायकलस्वारांचे हेल्मेट डोक्याच्या मागच्या बाजूला, लग्नातल्या फेट्यासारखे कपाळ उघडे ठेवून बसलेले असते. आपटताना कपाळ प्रथम टेकण्याचा संभव मोठा असल्याने, त्या अवस्थेत हेल्मेट केवळ वजनाला उरते.

रोड बाइकचा एक खास मुद्दा सरळ उभे राहून घेतलेल्या चाचणीत निसटतो. हँडलच्या खालच्या वाकड्या भागावर हात ठेवून वाकले की मान वर उचलावी लागते. मग हेल्मेटची मागची कड मानेला किंवा पाठीवरच्या पिशवीला टेकते आणि पुढची कड नजरेच्या वरच्या भागात उतरते. म्हणून दुकानातल्या एखाद्या सायकलवर बसून, ते शक्य नसेल तर टेबलावर कोपरे टेकवून वाकून, समोर शंभर फुटांवर सहज पाहता येते का हे तपासावे. त्याच स्थितीत आपला नेहमीचा गॉगल घालून पाहावा, कारण गॉगलच्या काड्या आणि डायलच्या पट्ट्या कानाच्या वर एकाच जागेसाठी भांडतात. लांब केस असणाऱ्यांनी राइडला घालतात तशीच वेणी किंवा पोनीटेल घालून यावे. अंबाड्यावर हेल्मेट चढवले तर ते वर तरंगते, त्यामुळे केस मानेजवळ, पाळण्याच्या खाली बांधावे लागतात.

हे सारे जमले तरी पैसे लगेच देऊ नयेत. हेल्मेट घालून दुकानात वीस मिनिटे रेंगाळावे, टायर पाहावेत, गप्पा माराव्यात. नंतर ते काढून आरशात कपाळ पाहावे. पसरट, फिकट खूण चालते. एकाच ठिकाणी लाल ठसा उमटला असेल तर तो दोनशे किलोमीटरांच्या ब्रेव्हेत, साडेतेरा तासांच्या मुदतीत, डोकेदुखी होऊन बसणार हे निश्चित.

उकाडा, घाम आणि पाऊस

जाहिरातीत हेल्मेटला किती छिद्रे आहेत ते मोजून सांगितलेले असते. या आकड्यावर फारसे जाऊ नये. हवा समोरून आत शिरून, टाळूवरून वाहून, मागून बाहेर पडली तरच डोके थंड राहते, आणि त्यासाठी थर्माकोलच्या आतल्या अंगाला पुढून मागे गेलेल्या खोल पन्हळी हव्यात. हेल्मेट उलटे धरून बोट फिरवले की त्या जाणवतात. हवेचा अडथळा कमी करणारी बंद पाठीची एअरो हेल्मेटे ताशी चाळीसच्या वेगात शोभतात. पण सिंहगडाच्या चढावर ताशी आठ-दहाने वर जाताना, एप्रिलच्या उन्हात किंवा कोकणातल्या दमट हवेत, त्यांच्या आत भट्टी होते. ज्याची राइड बव्हंशी घाटांची आहे त्याने उघडे हेल्मेटच घ्यावे असे मी ठामपणे म्हणेन. वजनाचा बाऊ मात्र करू नये: बहुतेक रोड हेल्मेटे २०० ते ३५० ग्रॅमच्या दरम्यान असतात, आणि पन्नास ग्रॅमचा फरक रविवार सकाळच्या राइडमध्ये कुणाच्याही लक्षात येत नाही, रात्रभर सायकल चालवणाऱ्याच्या मानेला तो कळतो.

घाम थेट डोळ्यांत उतरत असेल तर कपाळाचे पॅड अखंड आहे की तुकड्यांत, हे पाहावे, आणि कापडी सायकलिंग कॅप किंवा पातळ पट्टी आत घालून बघावी. कॅप घालून वापरायचे असेल तर माप घेतानाही ती डोक्यावर हवी. कॅपची छोटी चोच पावसाळ्यात डोळ्यांवरचे पाणी अडवते, हा वरचा फायदा. केसांना तेल लावून राइडला जाणाऱ्यांचे पॅड लवकर चिकट होतात आणि हेल्मेट घसरू लागते, त्यामुळे पॅड सुटे होणारे असावेत आणि आठवड्याला सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवावेत. पावसाळ्यात ओले हेल्मेट पिशवीत कोंबून ठेवले तर दोन दिवसांत त्याला येणारा वास सांगण्याची गरज नाही. रंग दिवसा सौंदर्याचा आणि पहाटे-संध्याकाळी सुरक्षिततेचा प्रश्न असतो. काळ्यापेक्षा पांढरे किंवा पोपटी हेल्मेट ट्रकचालकाला आधी दिसते.

सांभाळणे आणि बदलणे

मानकांच्या चाचण्यांत हेल्मेट साधारण ५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून आदळवतात. मे महिन्यात नागपुरात किंवा जळगावात उन्हात उभ्या मोटारीच्या आतले तापमान यापुढे सहज जाते, आणि तिथे दिवसेंदिवस ठेवलेल्या हेल्मेटचे कवच थर्माकोलपासून सुटून फुगे धरते. हेल्मेट घरात आणावे. कवच पुसण्यासाठी पेट्रोल, थिनर किंवा अन्य द्रावक वापरू नये, कारण ते पॉलिकार्बोनेटला आणि थर्माकोलला खातात. वर कॅमेऱ्याचा कडक पाया चिकटवणेही टाळावे. गुळगुळीत गोलाई रस्त्यावर घसरून जाते, उंचवटा मात्र अडकतो.

डोके आपटून पडल्यानंतर हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी ते बदलावे. थर्माकोलमधली भेग बऱ्याचदा पॅड काढल्याशिवाय दिसत नाही, आणि चुरडून पातळ झालेला भाग तर भेगेविनाही असतो. याच कारणासाठी दुसऱ्याने वापरलेले हेल्मेट विकत घेऊ नये, कितीही ओळखीचा माणूस असला तरी. अपघात झाला नसेल तर किती वर्षे वापरावे याबाबत उत्पादकांचे सल्ले तीन ते पाच वर्षांचे असतात आणि सीपीएससी पाच ते दहा वर्षे म्हणते. आपल्याकडचे ऊन आणि घाम पाहता, आठवड्यातून तीन-चारदा वापर असेल तर पाच वर्षांनी बदलणे मला रास्त वाटते. त्याआधीही डायलचे दाते घसरू लागले, पट्टा झिजून विरला किंवा बकल बंद होताना टक आवाज येईनासा झाला, तर थांबू नये. जुने हेल्मेट भंगारात देण्यापूर्वी त्याचे पट्टे कात्रीने कापून टाकावेत, म्हणजे ते स्वच्छ पुसून पुन्हा दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर जाणार नाही.